दरवाजाची चौदा भोकं

गॅरेजातले किस्से कोणी जमवत नाय, ते आपोआप जमतात. चिंध्यांच्या गाठोड्यासारखं आहे बघा, एक ओढायला जावं तर चार बाहेर! मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, लिहायला बसले की काना राहतो, मात्रा पळते. पण जीभ माझी कधी नापास झाली नाय. ऐका तर.

* * *

आमचे हे बदलापूरचे कल्हईवाले. क्यांपात, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, सिंधी लोक नवीनच आलेले. तिथं भांडी मागत फिरायचे. तिथल्या गॅरेजवाल्या हासोमल साईंच्या बायकोचं पातेलं गळत होतं. ह्यांनी कथलाचा असा डाग दिला की ती माऊली पातेलं उलटंसुलटं करून भोक शोधतच बसली!

साईंनी ते बघितलं, ह्यांचं मनगट धरलं नि थेट आपल्या गॅरेजात नेलं. तिथं एक मोटार उभी. तेव्हाच्या मोटारींना अंगावर चमकत्या पट्ट्या असायच्या. पट्टी गेली की पत्र्याला ओळीनं भोकंच भोकं.

"गणपत, ये सब बंद कर."

"साईं, मी भांडीवाला!"

"तो ये भी बर्तन है. थोडा बड़ा है!"

झाली नोकरी. मी डबा घेऊन जायचे ती भाता मारायला तिथंच बसायचे. घरी बसून करायचं काय? सासूबरोबर पटत नव्हतं.

* * *

सगळ्या गावाच्या गाड्यांची भोकं बुजवली आम्ही, पण साईंची स्वतःची काळी गाडी तशीच. दरवाजांना चौदा भोकं! गाडी बोटीतून आली, पट्ट्या मात्र कराचीला पॉलिशला दिलेल्या, तिथंच राहिल्या. मोठा भाऊ म्हणाला, "तू पुढे हो. मी घर विकतो, पट्ट्या घेऊन येतो."

तेव्हापासून साईं वाट बघत होते. दारात टांगा थांबला तरी मान वर व्हायची.

अंबरनाथच्या कारखान्यातले एक साहेब एकदा टोचून बोलले, "शेठजी, आधी स्वतःची गाडी बघा की!"

साईं म्हणाले, "मेरा माल रास्ते में है." चार वर्षं झाली होती तेव्हा!

* * *

ह्यांची एक फजिती सांगते. मोटारीच्या दरवाजाला खालच्या कडेला बारीक भोकं कंपनीनंच ठेवलेली असतात, आत शिरलेलं पाणी वाहून जायला. ह्यांना काय ठाऊक! कल्हईवाल्याला बुडाशी भोक दिसलं म्हणजे पापच. बदलापूरच्या डॉक्टरांच्या गाडीची तीपण बुजवून टाकली!

पावसाळ्यात डॉक्टर एका अडलेल्या बाईला घेऊन निघाले. शेजारी तिची सासू. वळण आलं की गाडीत 'गळगळगळ'! सासू ओरडली, "डाक्टर, थांबा! पाणी गेलं!"

सून कण्हत म्हणाली, "आत्याबाई, मी कोरडी हाय. दारात बघा!"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी खालून एक भोक पाडलं. घागरभर पाणी निघालं नि एक बेडूक! डॉक्टर म्हणाले, "गणपत, डिलिव्हरी मात्र सुखरूप केलीस!"

* * *

मोरिवलीच्या एका पाटलांनी सेकंडहँड गाडी घेतली. भोकं बुजवायला आमच्याकडे आणली, तर पाटलीणबाई आडव्या! "नको. दसऱ्याला झेंडू खोचायला बरी पडतील."

खोचले. दोन्ही बाजूंनी मस्त रांगा. पूजा आटपून पाटील नारळ फोडायला वळले, तेवढ्यात शेळीनं एका बाजूचा सगळा दसरा खाल्ला!

* * *

आता माझा गुन्हा. एका सकाळी साईं यायच्या आधी मी कणीक मळली, काजळी घातली नि काळ्या गाडीची चौदाच्या चौदा भोकं बुजवली. ड्रमामागे लपून तोंडात पदर कोंबला.

साईं आले. बघितलं. वाटलं आता ओरडणार, नाचणार! पण माणूस मटकन खालीच बसला. मग खिशातली काडेपेटी काढली नि एकेका काडीनं एकेक भोक कोरून मोकळं केलं. मी तोंडातला पदर काढला.

दुपारी मी मुकाट्यानं चहा नेला. साईंनी कप घेतला. म्हणाले, "बाई, पट्टी आयेगी तो लगाऊँगा किधर?"

त्यांनी एक घोट घेतला.

"और आटा बहुत नरम था. गणपत को ऐसी रोटी खिलाती है?"

* * *

आता ते गॅरेज नाय, हे नाय, साईं नाय. भाता कुठं ऐकला तर मी अजून थांबते. पण शेवटचा किस्सा राहिलाच.

एक दिवस साईंना पोस्टकार्ड आलं. भाऊ तिकडंच वारला. वाचून घडी केली, खिशात ठेवली, उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "गणपत, भर दे."

ह्यांनी तीन दिवस लावले. असा हात मी त्यांचा आधी बघितला नाय, नंतर पण नाय. चौदा डाग दिले, घासले, वर काळा रंग. काम झालं की आमच्यात डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवायची रीत होती. हाताला भोक सापडलं तर काम परत करायचं.

साईंनी डोळे मिटले. तळवा पुढच्या दरवाजापासून मागच्यापर्यंत नेला. परत आणला. परत नेला. काय लागत नव्हतं. नुसता गार, गुळगुळीत पत्रा.

"किधर थे?" ते हळूच म्हणाले. "गणपत, किधर थे?"

मी पुढं झाले.

"साईं, इकडं बघा. दाराच्या मुठीच्या खाली. एक राहिलंय, जरा लागतंय हाताला."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जाळूनच टाकतील. तिथं काहीसुद्धा नव्हतं!

साईंनी त्या जागेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"हाँ," ते म्हणाले. "ये रह गया है. गणपत, इसको हाथ मत लगाना."