महेशच्या खोक्याचा घसा

आता सुरुवात कुठून करू? तुम्ही आधी चहा घ्या. हसणार तर आहातच, पण कप खाली ठेवून हसा. चादर कालच धुतली आहे.

मला आळीत सगळे चौकस म्हणतात. म्हणू देत! शेजारी काय चाललंय ते शेजारणीने नाही बघायचं तर काय तहसीलदाराने येऊन बघायचं? पण त्या वर्षी माझ्या चौकसपणाने जो घोळ घातला, तो आठवला की मी आजही एकटीच कपाळावर हात मारून घेते.

आमचं घर शहापूरला, बाजाराच्या मागच्या आळीत. भिंतीला भिंत लागून हिराबाईचं घर. तिचा महेश तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. त्याच्या वयाची पोरं सकाळी डबा घेऊन आसनगावला गाडी धरायला पळायची आणि हा घरात गिटार वाजवत बसायचा. साधी नाही, विजेची! लाल रंगाची, बारीक कमरेची. तिला वायर लावायची, ती वायर काळ्या खोक्यात जायची, आणि मग त्या खोक्यातून आवाज यायचा.

आवाज म्हणजे काय सांगू! सायलेन्सर फुटलेली फटफटी घाटाला लागली की कशी ओरडते, तसा. फाटका, खरखरीत. माझ्या फळीवरची भांडी थरथरायची. मला वाटायचं, बिचाऱ्या पोराचा खोका बिघडलाय. हाताने बनवलेला, भजनी मंडळाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर नि प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेला. चांगला आणणार कुठून?

त्याच्या बापाने तर निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, "यंदाच्या लगीनसराईत कुठं लागलास तर लागलास. नायतर गिटार माळ्यावर नि तू कंपनीच्या गेटावर!"

आणि लागायची संधी चालूनही आली. मुरबाडच्या नानाशेठचा ऑर्केस्ट्रा होता. आमच्याकडे हळदीला ऑर्केस्ट्रा लागतोच, आणि हळदीच्या मांडवात म्हातारीकोतारी नाचली नाहीत तर पुढल्या वर्षी त्या ऑर्केस्ट्राला कोणी विचारत नाही. नानाशेठचा गिटारवाला सोडून गेलेला. जागा एक आणि उमेदवार दोन. आमचा महेश आणि आसनगावचा राकेश. रविवारी नानाशेठ येऊन दोघांना ऐकणार होते, आणि तेही माझ्या ओटीवर! कारण हिराबाईच्या ओटीवर भाताची पोती लागली होती. मग मला झोप येईल का, तुम्हीच सांगा.

आदल्या आठवड्यात राकेश एकदा महेशकडे येऊन गेला होता. दोघं तीन तास बसले. मी मधल्या खिडकीत लसूण सोलत होते. एवढा लसूण सोलला की आठवडाभर आमच्याकडे लसणाचीच चटणी झाली.

"तुझ्या तारा कितीच्या रे?" राकेश विचारतोय.

"नऊच्या."

"बारीक हायेत. मी दहाच्या लावतो. बोटं सोलतात, पण आवाज भरतो."

"तुझं बरं हाय. पगार हाय, तर तीन-तीन पेडल घेतल्यास. आमी पायानं दाबायचं काय? बैलगाडीचं जू?"

मग राकेशने पिशवीतून पायाने दाबायच्या त्या डब्या काढल्या. निळी, पिवळी, नारंगी. एक दाबली की आवाज घुमतो, एक दाबली की परत परत येतो, एक दाबली की फाटतो. मी मनात म्हटलं, अरे, चांगला आवाज फाडायला कोण पैसे देतं? पण पगारवाली पोरं, काही सांगता येत नाही.

राकेश सारखा महेशच्या खोक्याभोवती फिरत होता. वाकून बघत होता. "पाठीमागून दाव ना जरा, काय केलंस ते." महेश हसून म्हणाला, "ते नाय दावणार. तेवढीच तर माझी इस्टेट हाय."

झालं. एवढंच मी ऐकलं.

शुक्रवारी महेश मामाकडे मळणीला खर्डीला गेला. मी हिराबाईला गाठलं. "अगो, पोराचा खोका फाटका वाजतोय. रविवारी शेठसमोर असाच वाजला तर? चल, बबन मिस्त्रीला दाखवू."

"महेश हात लावू देत नाय गो, ताई."

"त्याला सांगतंय कोण? चांगला होऊन वाजला की उड्या मारेल पोरगा!"

खोका चादरीत गुंडाळून आम्ही दोघींनी रिक्षात घातला. बबन मिस्त्री म्हणजे आळीतल्या गणपतीपासून देवळातल्या सप्त्यापर्यंत सगळ्यांच्या माइकचा डॉक्टर. खोका पाठीमागून उघडाच होता. त्याने आत बॅटरी मारली आणि ओरडलाच.

"वैनी, स्पीकरच्या कागदाला चार चिरा हायेत!"

"उंदीर?"

"उंदीर एवढा सरळ कातरत नाय. ब्लेड हाय ही. कोणीतरी मुद्दाम मारलीय."

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. राकेश! वाकून बघत होता ना मेला! महेश पाणी आणायला आत गेला असेल तेवढ्यात काम साधलंन. हिराबाई रडायलाच लागली. मी म्हटलं, रडू नकोस, आपण आहोत ना. बबनने पातळ कागदाची ठिगळं डिंकाने चिकटवली, वाळवली, आणि वाजवून दाखवलं. काय तो आवाज! गोड, स्वच्छ, देवळातल्या सनईसारखा. आम्ही खोका होता तिथे नेऊन ठेवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

महेश शनिवारी थकून आला आणि झोपला. खोक्याला हातही लावला नाही.

रविवारी दहाला राकेश हजर. आपला दुकानातला काळा खोका, तोही पाठीमागून उघडाच, आणि डब्या घेऊन. मी त्याला चहा दिला, पण बिनसाखरेचा. पोराने तोंड वाकडं केलं नि गुपचूप प्यायला. मला वाटलं, खाई त्याला खवखवे.

अंगणात हिराबाईची माणसं भात वारवत होती, भुसा उडत होता. महेशने ओटीवर खोका लावला, वायर जोडली आणि तार छेडली.

टिंऽऽऽग.

मी हिराबाईकडे बघून डोळे मिचकावले. महेशने परत छेडली. टिंऽऽग. त्याचा चेहरा असा झाला की जणू गाय दुहायला बसला नि सडातून ताक आलं. त्याने बटणं फिरवली, वायर हलवली, मग खोका फिरवून आत बघितलं आणि तसाच खाली बसला.

"कोणी हात लावला ह्याला?"

मी पदर सावरून पुढे झाले. "मी! बबनकडून नीट करून आणला. अरे, ह्याने," मी राकेशकडे बोट केलं, "चार चिरा मारून ठेवल्या होत्या तुझ्या स्पीकरला!"

"मी?" राकेशच्या हातून कपच पडायचा.

"काकू," महेश अगदी हळू म्हणाला, "त्या चिरा मी मारल्यात. दाढीच्या ब्लेडनं. ह्याचं फाडायचं पेडल मला परवडत नाय, म्हणून दोन महिने थोडी थोडी चीर वाढवत तो आवाज बसवला. तोच शेठना ऐकवायचा व्हता."

सांगते तुम्हाला, त्या क्षणी भुसा अंगणात उडत होता, पण डोळ्यांत माझ्या गेला. मुद्दाम फाडलेला आवाज! आणि मी त्याला ठिगळ लावून आणलं!

"मग परत मार ना चिरा!"

"कागद डिंकानं कडक झालाय. परत मारल्या तर कशा वाजतील काय माहीत? आणि शेठ आलेच बघा."

खरंच, नानाशेठची जीप आळीच्या तोंडाशी वाजत होती. मी तोंड लपवायला चहाच्या निमित्ताने आत पळाले.

आता मी आत असताना बाहेर काय झालं, ते मला नंतर कळलं. राकेश मोठ्या मनाचा निघाला. तो महेशला म्हणाला, "माझ्या खोक्यावर वाजव तू. मी तुझ्यावर वाजवीन." दोघांनी वायरी अदलाबदल केल्या. महेशची लाल गिटार राकेशच्या खोक्यात आणि राकेशची महेशच्या. पण नानाशेठ ओटीवर चढून बसतायत तोच अकरा वाजले आणि लाइट गेली. लोडशेडिंग! आमच्याकडे तेव्हा ती घड्याळ लावावं अशी जायची. आता एक वाजल्याशिवाय येणार नाही. हिराबाईने आग्रह केला, चला, तोवर आमच्या घरी जेवून घ्या, कोंबडा शिजलाय. जाताना तिने भुशासाठी म्हणून दोन्ही खोक्यांवर चादरी टाकल्या.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर ओटी रिकामी. समोर दोन चादरी आणि दोन गिटारी.

मला वाटलं, देवानेच वेळ काढून दिलाय. ज्या हाताने सांधलं त्या हाताने फाडायचं! लाइट नाही, म्हणजे शॉकची भीती नाही. मी भाजीची सुरी आणली. पण दोन्हीवर चादरी, महेशचा खोका कुठला? त्यात काय, डोकं आहे ना मला! लाल गिटार महेशची. तिची वायर धरली नि धरत धरत गेले, ती जिथे गेली त्या चादरीखाली मागून हात घातला.

आत चाचपलं. ठिगळ हाताला लागेना. मी मनात म्हटलं, वा रे बबन! काय सफाईचं काम, ठिगळ कुठे कळतसुद्धा नाही!

चादर उचलून बघायला काय झालं होतं, असं विचारू नका. आमच्या ह्यांनी विचारून झालंय.

चार चिरा मारल्या. एक जरा लांब गेली. हात धुऊन मी जेवायला पोहोचले आणि महेशच्या ताटात स्वतःच्या हाताने रस्सा वाढला. तो माझ्याकडे बघतही नव्हता. म्हटलं, थांब, तासाभरात काकूच्या पाया पडशील.

एकला लाइट आली. चादरी निघाल्या. नानाशेठ म्हणाले, "हे वायरींचं काय केलाव तुमी? ज्याचा त्याचा लावा. हळदीला जो खोका आणणार, तोच मना ऐकवा. राकेश, तू पयला."

राकेशने आपली वायर आपल्या खोक्यात घातली आणि हात फिरवला.

घर्रर्रर्रऽऽऽ!

अंगणातल्या कोंबड्या पेरूच्या झाडावर चढल्या. नानाशेठ खुर्चीतून अर्धे उठले. "आयला! हा आवाज! हाच पायजे हळदीला!"

राकेश खाली डब्यांकडे बघतोय. निळी बंद केली, पिवळी बंद केली, नारंगी बंद केली. आवाज फाटकाच! महेशने हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं.

मग महेश वाजवायला बसला. टिंग, टिंग, टिंऽग.

"गोड हाय," शेठ म्हणाले. "काकड आरतीला चांगला हाय. पण पोरा, मना हळद वाजवायचीय." आणि त्यांनी राकेशच्या खांद्यावर हात ठेवला. "जागा तुझी."

हिराबाईने पदर तोंडाला लावला. महेश खाली बसून वायर गुंडाळायला लागला, अगदी निगुतीने, माळ्यावर ठेवायची असल्यासारखी. ते मला बघवेना.

"थांबा शेठ!" मी ओरडले. "तो आवाज राकेशचा नाय! महेशचा हाय! चुकून ह्याच्यात गेला!"

"म्हंजे?"

"मी फाडला. आत्ता. भाजीच्या सुरीनं."

राकेशने खोका फिरवून आत बघितलं. पोराचं तोंड पांढरं पडलं. नव्या कोऱ्या स्पीकरला चार चिरा, त्यातली एक वीतभर! मग मी रडत-पडत सगळं सांगितलं, लसणापासून सुरीपर्यंत. नानाशेठ ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचं पोट हलायला लागलं.

"मंग वैनी, आवाज तुमी काढलाव तर जीपमदी तुमालाच बसवतो की!"

सगळी ओटी हसली. मी सोडून.

पण राकेशने आपली वायर काढली आणि खोका महेशपुढे सरकवला. "शेठ, ह्याला वाजवू द्या. मना हा आवाज आवरत नाय, नुसता सुटतो."

महेशने वाजवलं. तळहाताने तारा दाबून, सोडून, तो फाटका आवाज असा नाचवला की भात वारवणाऱ्या बायका सुपं खाली ठेवून ओटीपाशी आल्या. एक तर नाचलीसुद्धा. नानाशेठ राकेशला म्हणाले, "रागावू नको रे, पोरा." राकेश म्हणाला, "राग कसला? मी बी हेच सांगत व्हतो ना."

जागा महेशला मिळाली. फाटका स्पीकर महेशने आपल्या खोक्यात बसवला, आणि राकेशला नवा आमच्या ह्यांनी कल्याणहून आणून दिला. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी तरी कशाला बोलते?

जाताना नानाशेठ जीपमध्ये बसले आणि महेशला म्हणाले, "एक अट हाय. खोका माझ्याकडं मुरबाडला ऱ्हाईल. ह्या आळीत नाय ठेवायचा."

माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. माणूस सभ्य.

मी मोठ्या आशेने महेशकडे बघितलं. म्हटलं, लहानपणापासून माझ्या हातचं खाल्लंय, पोरगा बोलेल काहीतरी काकूच्या बाजूने.

आणि बोलला की!

"शेठ," तो म्हणाला, "गिटार पण तिकडंच घेऊन जावा."