बागेतली चौकशी

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण मधेच 'अगं, तू असं केलंसच का?' एवढं विचारू नका. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे चहा गार व्हायचा नाही. मी जळत होते. ओलं लाकूड जळतं ना, तशी. जाळ कमी, धूर जास्त.

कुणावर? माझ्या चुलत बहिणीवर, प्राजक्तावर. आम्ही दौंडला राहतो, वडील रेल्वेत आहेत. त्यांचे थोरले भाऊ, आमचे आबा, निमोण्याला शेती बघतात. प्राजू त्यांची मुलगी. माझ्याहून लहान, आणि तिचं लग्न माझ्याआधी ठरत होतं. बरं, ठरावं की. मी काय एवढ्या हलक्या मनाची आहे? पण स्थळ तरी कसं यावं? मुलाचं नाव ओंकार. घरचे मूळचे कासुर्डीचे, म्हणजे गावाकडं जमीन आहे आणि तिथं राहायची सक्ती नाही. पुण्यात नोकरी. पुण्यात फ्लॅट. आणि त्या फ्लॅटच्या बाल्कनीतून काय दिसतं? बाग. पुण्यातली ती भलीमोठी, मधे तळं असलेली. (नाव सांगत नाही. मला तिथं परत जायचंय कधीतरी.) आमच्या गॅलरीतून मालगाडी दिसते. तीही उभी.

बायोडेटात त्यानं छंदापुढं लिहिलं होतं, 'सकाळी बागेत फिरणे.' यावर निमोण्यात दोन दिवस चर्चा चालली होती. आबा म्हणाले, "कारण नसताना चालतंय, म्हंजी सुखी हाय पोरगं." मोठी आई, म्हणजे आबांची बायको, दारात येईल त्याला बाल्कनीचा फोटो दाखवायची. आणि दाखवून झाला की माझ्याकडं वळायची.

"तुझंबी हुईल गं सायले. घाई काय हाय?"

हे 'घाई काय हाय' ज्यांना कुणी ऐकवलंय ना, त्यांनी कृपा करून माझ्या बाजूनं बसा.

आता, सुपारी फुटायच्या आधी मुलाची गुपचूप चौकशी करायची, ही आमच्याकडची रीत. लपून बघायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, पोरगं कुणात उठतं-बसतं ते पाहायचं. या कामाला आमच्याकडं एकच माणूस, माझे बापूमामा. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्यांनी नात्यातलं एकही स्थळ न तपासता जाऊ दिलेलं नाही. काय काय सोंगं करतील, नेम नाही. एकदा तर ते मीटर बघायला आलोय म्हणून एका मुलाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले होते. आबांनी त्यांना कामगिरी दिली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, मीपण येते. मुलीच्या नजरेला वेगळं दिसतं."

सगळ्यांना वाटलं, केवढी ही बहिणीवर माया.

मला त्या मुलात खोट हवी होती हो. मोठी नको. डोक्यावर टोप असता तरी भागलं असतं. कुत्र्याला दगड मारताना दिसला असता तरी चाललं असतं. मला सुखानं झोप लागेल एवढीच खोट हवी होती.

रविवारी सकाळच्या डेमू गाडीनं आम्ही पुणं गाठलं. बागेच्या गेटवर वॉचमननं मामांची पिशवी अडवली.

"आजोबा, खायचं आत न्यायचं नाही."

"खायचं न्हाई, भाकरी हाय," मामा म्हणाले.

शेवटी मामांनी तिथंच उभ्याउभ्या भाकरी संपवली आणि चटणी लावून चतकोर वॉचमनलाही दिली. मी मात्र आत बघत होते. काय बाग होती. चालायला एक रस्ता, पळायला दुसरा, आणि म्हाताऱ्यांना अनवाणी चालायला गोल गोट्यांचा तिसरा. प्रत्येक झाडाला नावाची पाटी. कारंजं. बदकं. बदकांना सावलीला वेगळं घर. आणि हे सगळं प्राजूला रोज चहाबरोबर बाल्कनीतून दिसणार. मला त्या झाडांचाही राग आला.

तेवढ्यात माझ्या मागं पंधरा-वीस माणसं एकदम गडगडून हसली.

आता मला दचकायला कारण लागत नाही. रेल्वेलाइनीला वाढले, पण इंजिनाच्या भोंग्याला अजून हातातलं भांडं सोडते. मी जी उडाले ती सरळ मेंदीच्या कुंपणात. मागं वळून बघते तर हास्यक्लब. आजी-आजोबा हात वर करून हसतायत, कशाला ते त्यांनाही ठाऊक नाही. एका आजोबांनी मामांचा हात धरला, "या काका, लाज सोडा." मामांनी टोपी सारखी केली आणि मला म्हणाले, "तू हो फुडं. ही मानसं रोजची दिसत्यात. मी जरा हितली चौकशी करतो." आणि दोन मिनिटांत मामा आकाशाकडं बघून खदाखदा हसत होते.

तर मी एकटीच पुढं निघाले. आणि तळ्याकाठच्या बाकावर मला ओंकार दिसला. फोटो इतक्यांदा बघितला होता की अंधारातही ओळखला असता. केस स्वतःचे होते. मन खट्टू झालं.

पण लगेच बरं वाटलं. कारण शेजारी एक मुलगी होती.

स्कूटरवरच्या पोरी उन्हासाठी करतात तसा सगळा बंदोबस्त. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, डोळ्यांवर गॉगल, अंगात गुडघ्यापर्यंत पांढरा सनकोट, हातात मोजे. आत कोण आहे ते देवालाच ठाऊक. दोघं उठून तळ्यापर्यंत गेली, बदकं बघितली, परत येऊन बसली. तो काहीतरी बोलला, ती खिदळली. मग त्यानं पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली. नुसती दिली नाही. झाकण काढून दिली.

मी तिथल्याही मेंदीच्या कुंपणाआड बसून बघत होते. खरं तर मला प्राजूसाठी वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल, मागं कुठंतरी. पण पुढं जे वाटलं ते असं, की माझ्यासाठी आजवर कुणी बाटलीचं झाकण काढलेलं नाही. प्राजूवर जळून झालं होतं, आता मी या अनोळखी स्कार्फवर जळायला लागले.

मी आबांना फोन लावला.

"आबा, मुलगा बागेत एका मुलीबरोबर बसलाय."

पलीकडून आबांचा आवाज, "आगं, स्पीकर लाव गं ह्याचा, मला न्हाई जमत." म्हणजे आता मोठी आई आणि दारात बसलेली चार माणसं, सगळी ऐकायला.

"कसली हाय पोरगी?"

इथं थांबायला हवं होतं. तोंड बांधलंय, काही दिसत नाही, एवढंच सांगायला हवं होतं. पण धूर कोंडला होता ना.

"काही खास नाही आबा. बुटकी आहे. चालते बदकासारखी. हसते तर अशी की झाडावरची पाखरं उडावीत. उभं राहायची रीत नाही, बसायची रीत नाही. घरी काही वळणच लावलेलं दिसत नाही."

"आईबाप न्हाईत का तिला?"

"असतील कसले. मोकळी सोडलीय."

"बाप झोपलाय म्हनायचा," आबा गरजले. "माझी पोरगी असती तर तंगडं मोडून घरात बसवली असती. फोटू काढ. आन् हे बघ, प्राजूच्या कानावर घालू नगंस. ती ब्लाऊज शिवायला टाकायला शिरूरला गेलीया. आल्यावर मी सांगंन तिला समजावून."

मी मेंदीच्या फांद्या बाजूला करून फोटो काढला. तो पुन्हा बाटली देतोय, ती घेतीय. चांगला आला. आणि घाईघाईत मी तो आबांना पाठवायच्या ऐवजी घरच्या ग्रुपवर पाठवला, 'आपला परिवार' नावाच्या. त्यात निमोण्यापासून दौंडपर्यंत सगळे आहेत. आत्या, काका, माझे वडील. आणि प्राजू.

हे माझ्या ध्यानात येतंय न येतंय तोवर मला मागून, पुढून, कुठून तरी आबांचा आवाज आला. अगदी जवळून. "बघा सगळ्यांनी. पोरगी बुटकी हाय, बदकावानी चालती..."

आबा? इथं? निमोण्याहून इतक्यात आले कसे? मी "आबा!" म्हणून किंचाळले आणि कुंपणातून बाहेर पडले. म्हणजे अक्षरशः पडले, गवतावर, पालथी.

आबा नव्हते. आबांनी ग्रुपवर बोलून टाकलेला संदेश होता, आणि तो त्या बाकावरच्या मुलीच्या मोबाइलमध्ये वाजत होता. "...तिच्या बापाला काय लाजबीज हाय का न्हाई," आबा विचारत होते.

मुलीनं गॉगल काढला. मग स्कार्फ सोडला. आतून प्राजू निघाली.

"सायले, तू?"

"तू शिरूरला ब्लाऊज टाकायला गेली होतीस ना?"

"ते जाऊ दे. बदकावानी कोण चालतं?"

ओंकार उठून पुढं आला. मला वाटलं, आता हा आवाज चढवणार, म्हणजे निदान खोट तरी सापडेल. तर तो म्हणतो, "लागलं नाही ना तुम्हाला? केसांत पानं अडकलीयेत." फ्लॅट, बाग, नोकरी, आणि वर सभ्य. काही लोकांना सगळंच का मिळतं, मला सांगा.

मग प्राजू बाकावर बसली आणि रडायला लागली. रडत रडतच तिनं पुढचं बोलून दाखवलं. ती मुलगी म्हणजे आपलीच प्राजू, सुपारीआधी चोरून भेटायला गेली, हे आबांना कळलं तर ते लग्न मोडणार. आणि नाही कळलं तर परक्या मुलीबरोबर फिरतो म्हणून लग्न मोडणार. "दोन्हीकडनं माझंच मोडतंय," ती म्हणाली. "तुझं काय वाकडं केलं होतं गं मी?"

वाकडं काही केलं नव्हतं. तेच तर दुखत होतं.

माझा फोन वाजायला लागला. आबा. मी तो हातात निखारा धरल्यासारखा धरून उभी. तेवढ्यात बापूमामा आले, हसून हसून लाल झालेले, डोळ्यांतलं पाणी पुसत. त्यांनी प्राजूला बघितलं, ओंकारला बघितलं, प्राजूच्या मोबाइलवरचा फोटो बघितला, माझ्या केसांतली मेंदी बघितली. चौकशीत मुरलेला माणूस, काही विचारायची गरज पडली नाही. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"हां आबा. बापू बोलतोय. रागावू नगा. ती फोटूतली पोरगी म्हंजी आपली सायली हाय. मीच तिला तोंड बांधून बसवली व्हती, पोराची पारख करायला. फोटू मी काढला तिच्या मोबाइलवर."

प्राजूनं माझा दंड घट्ट धरला होता. मामांनी फोन माझ्यासमोर धरला.

"व्हय गं सायले?" आबांनी विचारलं.

प्राजूची नखं रुतली. "हो आबा."

"मग मगाशी मला फोन करून येवढं काय काय सांगितलंस ते?"

"तेपण मामांनीच सांगितलं होतं. सासरा किती भडकतो ते बघायला."

"ह्या बापूचं काय खरं न्हाई. बरं, पोरानं काय केलं?"

"मी चक्कर आल्याचं सोंग केलं. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, ताई, घरी कुणाला फोन लावून देऊ का?"

"ताई म्हनलं?"

"पहिल्याच वाक्यात, आबा." माझ्याच थापेतला मुलगा, पण त्यानंही मला ताईच म्हणावं? दुसरं काही सुचलंच नाही बघा.

"पर तू तर म्हनालीस पोरगी खिदळतीया. चक्कर आलेली पोरगी खिदळती व्हय?"

"शुद्धीवर आल्यावर, आबा."

आबांनी दारातल्या माणसांना 'काय म्हंता?' विचारलेलं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "पोरगं सोनं हाय. येत्या रविवारी सुपारी फोडू."

प्राजूनं मला मिठी मारली. ओंकारनं बाटली पुढं केली, आणि या खेपेला झाकण काढून मला दिली. पाणी गार होतं. त्याचाही मला हेवा वाटला, प्राजूला रोज मिळणार म्हणून.

पण माझा जीव दुसरीकडंच अडकला होता. ग्रुपवर तो संदेश तसाच होता, आणि आता ती बिनवळणाची पोरगी म्हणजे मी होते. आत्या ऐकणार, काका ऐकणार, त्यांच्या ओळखीतली स्थळं ऐकणार.

"आबा," मी अजून चालू असलेल्या फोनवर म्हणाले, "ग्रुपवर तेवढं सांगून टाका ना. ती मुलगी बुटकी नाही, बदकासारखी चालत नाही. ते सगळं मी मनानंच रचलं होतं."

"आगं, राहू दे," आबा म्हणाले. "तू मगाशी फोनवर तिचं वर्णन सांगत व्हतीस तवाच तुझी मोठी आई म्हनली, 'ही तर आपली सायलीच दिसती.' आमीच तिला गप केलं."