खाजकुयलीची पाटी

भिवंडीतल्या आमच्या वनस्पती उद्यानातला माळी कुणाच्याही झाडाची तक्रार पुरी ऐकून घेत नाही. "पानी कमी घाला. झाड हाय, म्हैस न्हाय," एवढंच सांगतो आणि ते बहुधा बरोबर निघतं.

सर्पगंधेचं मूळ औषधी, म्हणून लोक रोपं उपटून नेतात. उद्यानात एकच उरलं, तेव्हा त्यानं त्यापुढे 'खाजकुयली' अशी पाटी लावली. मला चुकीची माहिती खपत नाही. म्हटलं, "अहो, खाजकुयलीची वेल असते, हे झुडूप आहे."

"भाऊ, खरी पाटी लावली तवा रोपं गेली, पाटी ऱ्हायली."

रविवारी माळी नसताना एका बाईंनी त्या रोपाकडे हात नेला. मला विचारलं, "खरंच खाजतं का हो?"

मी मनगट खाजवत म्हणालो, "काल लागलं, अजून थांबत नाही."