खालचं नाव

"दुखणं जाणार नाही, दयारामजी. आधीच सांगून ठेवतो. त्याच्यावर आपण झिणझिणीचा एक थर चढवणार."

नागपूरहून पंधरा दिवसांतून एकदा जबलपूरला येणाऱ्या डॉक्टर देशकरांनी हे दयाराम मेश्रामला सहज सांगितलं. थर म्हणजे काय चीज असते, हे डॉक्टरांपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं. पस्तीस वर्षं सदर बाजारात ट्रंकवाल्याच्या दुकानापुढे पाटावर बसून त्याने फौजींच्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगाने नावं घातली होती. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. मान खाली, कोपर अधांतरी, श्वास रोखलेला. जवान अक्षरावरून बोट फिरवून विचारायचे, "दादा, छापा है क्या?"

मग २०११ साली मानेतून एक कळ निघाली, खांद्यावरून उतरली आणि उजव्या करंगळीत घर करून बसली. मानेचं ऑपरेशन झालं. मणका सुधारला, कळ जागची हलली नाही. दोन वर्षांपासून तर ब्रश बोटांत टिकत नव्हता. आता तो एकोणसाठ वर्षांचा होता आणि अधारतालच्या घरात बायकोच्या, सत्यभामाच्या हातून वरणभात खात होता.

झिणझिणीच्या या मशीनचा शोध लेकीने, विनीताने लावला होता. "पप्पा, सात दिन की तो बात है. नहीं जमा तो निकाल देंगे."

डॉक्टरांनी समजावलं. पाठीतून एक बारीक तार मानेच्या कण्यात सरकवायची, तिचं दुसरं टोक कमरेच्या डबीला. सात दिवस घरी राहायचं. मान वाकवायची नाही, हात वर न्यायचा नाही, अंघोळ नाही. दुखण्याला दहापैकी किती, तो आकडा रोज वहीत लिहायचा. निम्म्याखाली आला तर बॅटरी कायमची कातडीखाली. "नाही आला, तर तार ओढून काढू. मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही."

दयारामने मान हलवली. वहीत पहिला आकडा होता नऊ.

पहिल्या दिवशी डबी सुरू झाली आणि खांद्यापासून बोटांपर्यंत मुंग्यांची रांग निघाली. सत्यभामा पुढ्यातच बसली होती. "अवो, कसं वाटून राहिलं?"

"कोणीतरी हात हातात घेतल्यासारखं."

"मी तं नाही घेतला बापा!" ती हसली. "लग्नातही तुम्हीच धरला होता."

दोन दिवसांत आकडा तीनवर आला. दयारामने स्वतःच्या हाताने घास उचलला, तेव्हा सत्यभामा स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिली.

पण डबीबरोबर दिलेल्या रिमोटवर एक बंद करायचं बटण होतं.

तिसऱ्या दुपारी त्याने ते दाबलं. उगीच, पाहावं म्हणून. मुंग्या थांबल्या. हात क्षणभर रिकामा झाला, कोणाचाच नसल्यासारखा. आणि मग कळ आली. इतकी वर्षं ती मानेतून खाली यायची. आता ती करंगळीतून उठली आणि सावकाश वर चढू लागली, आपल्याच घराचा जिना चढावा तशी. दयारामने घाईघाईने बटण दाबलं. त्या दिवशी त्याने पाच वेळा बंद करून पाहिलं. पाचही वेळा कळ खालूनच आली.

"काहून बंद करून राहिले तुम्ही?" सत्यभामाने पकडलंच.

"पाहून राहिलो, हाय का तो."

"तो? कोण तो?"

दयारामने रिमोट उशीखाली सारला.

चौथ्या दिवशी भर दुपारी दारात ऑटो थांबला. त्यातून एक निवृत्त हवालदार उतरला आणि ऑटोवाल्याच्या मदतीने एक काळी ट्रंक ओसरीवर ठेवून पुन्हा भाडं द्यायला गेला. परत येऊन म्हणाला, "ओळखलं का, दादा? रामराव भोयर, वर्ध्याचा. सदरमध्ये विचारलं तं म्हणे दयाराम आता घरीच असते." त्याची नजर कमरेच्या डबीवर गेली. "हे काय वो? वायरलेस बसवला का?"

"तसंच समजा."

"नाव तुम्हीच घातलं होतं, सहा वर्षं झाली. आता पाहा, खालून काय उगवून राहिलं."

दयारामने डोळे खाली नेले. मान वाकवायची नव्हती. झाकणावर 'रामराव भोयर' पिवळट पडलं होतं. त्याच्या आडून, काळ्या रंगातून, राखाडी अक्षरं वर आली होती. एक ग. एक ण. गच्या दांड्याला खाली किंचित बाक होता. असा बाक जबलपुरात एकच हात देत असे.

"गणपत," रामराव म्हणाला. "कोण होता वो हा?"

"माहीत नाही."

"नोकरीत होतो तवा बराकीत जो ये तो विचारे, गणपत कौन है? पुढं पुढं पोरं मलेच गणपत म्हणाले लागली." तो हसला, मग हसू आवरलं. "दोनदा मी ओ देल्ली, दादा. झोपेत नाही, जागेपणी."

"राहू द्या पेटी," दयाराम म्हणाला. "परवा या."

रामराव गेल्यावर सत्यभामा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तेव्हा त्याने सगळं सांगितलं. ही ट्रंक भंगारातून बाजारात आली होती. तिच्यावर त्याच्याच अक्षरातलं नाव होतं, लान्स नायक गणपत डहाके. फौजी माणूस आपली पेटी सहसा विकत नाही, त्यामुळे ती भंगारात कशी आली हे विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. लहानू उस्तादाने शिकवलं होतं की जुनं नाव आधी मोठ्याने वाचायचं, मालकाची रजा घ्यायची, मग पत्र्यापर्यंत खरवडायचं आणि तेव्हाच नवं घालायचं. पण ती विकत घेणाऱ्या रामरावच्या गाडीची वेळ झाली होती. दयारामने वाचलं नाही, खरवडलं नाही. वरून काळ्या रंगाचा एक हात मारला. महिन्याभराने करंगळी दुखायला लागली.

"भिंतीवर बाबासाहेब हायेत," सत्यभामा म्हणाली, "अन् तुम्ही भुताले घाबरून राहिले?"

"भूत कोण म्हणून राहिलं? मी बेइमानी म्हणून राहिलो."

"बेइमानी मानेत नसते. डॉक्टरनं फोटो दाखवला, नस दबली हाय. तीन दिवस गुमान बसा."

पाचव्या दिवशी ती भाजीला गेली. दयारामने डबी बंद केली. मुंग्या अंगावर घेऊन हे काम करणं त्याला चोरी वाटली. कळ करंगळीतून उठली, कोपरावर आली, खांद्यावर बसली. त्याने लोखंडी पत्ती घेतली, ट्रंकेपुढे मांडी घातली आणि मान वाकवली.

रामराव भुकटी होऊन गेला. मग काळा थर सुटला. त्याखाली नाव निघालं, पांढरंशुभ्र, कालच घातल्यासारखं. घामाने डोळे चुरचुरत होते. दयारामने मोठ्याने वाचलं, नंबरासकट. "लान्स नायक गणपत डहाके. रजा द्या, भाऊ."

ओसरीत काहीच हललं नाही. समोरच्या घरातला कूलर मात्र त्याच क्षणी बंद पडला आणि सगळी गल्ली कान देऊन बसल्यासारखी झाली. त्याने पत्ती चालवली. शेवटचं अक्षर जाईपर्यंत हात आपला आहे की नाही, हेही त्याला कळेनासं झालं होतं.

उघडा पत्रा चमकला. दयारामने डबी सुरू केली.

मुंग्या डाव्या हातात आल्या.

उजव्यात फक्त कळ. त्याने रिमोटवर करंट वाढवला, डावा हात थरथरला. उजव्याला स्पर्शही नाही. धरणाऱ्याने बाजू बदलली होती.

वहीत त्याने आठ लिहिले. सत्यभामाने वही ओढली. "चारही दिवस चांगले होते ना? मग तीनच लिहा. नाही तं ते काढून टाकतील, अन् तुम्ही जन्मभर असेच!"

"खोट्यावर पुन्हा थर नाही चढवायचा मले."

तिने वही टाकली आणि पदर डोळ्यांना लावला.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी एक्सरे उजेडात धरला. तार खाली सरकून डावीकडे झुकली होती. "मान वाकवू नका म्हटलं होतं ना! काय केलं?"

"एक नाव खरवडायचं राहिलं होतं, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी सत्यभामाकडे पाहिलं. तिने छताकडे. त्यांनी वही पुन्हा वाचली. "खरं लिहिलं, हे एक बरं केलं. तार जागेवर होती तेव्हाचे आकडे मी धरतो. कायमची टाक्याने बांधू, सरकणार नाही. पण पहिल्या दिवशी बोललो तेच पुन्हा विचारतो. दुखणं खाली राहणारच. चालेल?"

दयारामने उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. मशीन बंद होतं आणि कळ पूर्ण जागी होती. त्याने पत्रा साफ केला होता, रजा मागितली होती. तरी ती गेली नव्हती. म्हणजे नसच होती, किंवा रजा मिळाली नव्हती. यातलं कुठलं, ते त्याला कोणी सांगणार नव्हतं.

"चालेल," तो म्हणाला. "बसवा."

टेबलावर त्याला पालथं निजवलं. अर्धवट शुद्धीत ठेवलं होतं, कारण तार कुठे लागते हे त्यानेच सांगायचं होतं. मागून डॉक्टरांचा आवाज येत होता.

"आता कुठं?"

"खांद्यात."

"आता?"

"कोपर."

"आता?"

मुंग्या तळव्यात उतरल्या, बोटांत शिरल्या आणि करंगळीला भिडल्या. कापडाखाली त्याची उजवी मूठ मिटली. त्याने मिटली नव्हती. कोणीतरी आपल्या हातात घेऊन, एकेक बोट दुमडून मिटावी, तशी ती मिटली.

"करंट जरा जास्त झाला," डॉक्टर म्हणाले. "कमी करतो. आता?"

मूठ सैल झाली, पण धरलेलंच होतं. हलकं, ऊबदार. खाली कळ कुठेतरी होती आणि गप्प होती.

"दयारामजी? जागे आहात ना? आता कसं?"

"बरोबर हाय," दयाराम म्हणाला. "इथंच बांधा."