सिस्टरांची दोन बोटं

सिस्टर कुणाच्याही घरी आल्या, की आधी त्यांची दोन बोटं आत शिरायची. पोराच्या सदऱ्याच्या गळ्यात, नव्या चपलेच्या पट्ट्याखाली, माझ्या पोटावर ताणलेल्या बेल्टमध्ये. बोटं सहज गेली तर ठीक, नाहीतर भर अंगणात पंचनामा. "आवळून मरायचं हाय व्हय, भाऊ? सोडा की एक भोक!" सरकारी दवाखान्यात जन्मभर पट्ट्या आणि प्लास्टरं बांधून त्या निवृत्त झाल्या होत्या. पट्टी आणि कातडी यांच्यात दोन बोटांची जागा हवी, हा तिथला नियम त्यांनी आमच्या उचगावच्या अख्ख्या कॉलनीला लावला होता.

आवाज असा, की त्या त्यांच्या घरात बोलल्या तरी आमच्या घरी उत्तर द्यावंसं वाटायचं. आमच्याकडच्या बायकांसारख्याच त्याही "मी येतो", "मी जातो" म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडी ते हुकमासारखं वाटायचं. आणि कुठल्याही अडचणीवर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "करून बघूया की." या वाक्यापुढं डॉक्टरांचंही फारसं चालत नसे, तिथं माझी काय कथा.

त्यांचे यजमान शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांना सगळे 'सर' म्हणत. निवृत्तीनंतर मणक्याच्या दुखण्यानं त्यांचं चालणं गेलं. चाकांच्या खुर्चीत थोडा वेळ बसलं, की आडवं व्हावंच लागे. बरेच महिने त्यांनी खाटेवरून खिडकीतला तोच एक विजेचा खांब पाहिला. एके दिवशी त्यांनी आपले ब्रश आणि रंग शाळेला देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना समुद्र दावायचा. नाहीतर हा माणूस त्या खाटंवरच संपंल." ॲम्ब्युलन्सचा विषय सरांनीच झटकून टाकला होता. "त्या गाडीला बघून लोक हात जोडतात. मी अजून तेवढा पुढं गेलो न्हाय."

मग सिस्टरांनी शोध लावला चाकांवरच्या खोलीचा. माझ्या जुन्या जीपच्या मागं जोडायचा एक डबा. त्यात पलंग, पंखा, पाण्याचं पिंप आणि कोपऱ्यात बुद्धाची छोटी मूर्ती. चालत्या डब्यात माणूस बसणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. सर आमच्याबरोबर जीपमध्ये पुढं बसणार, थकले की गाडी थांबवायची, जीपच्या मागच्या दारातून खुर्ची काढायची आणि त्यांना डब्यात नेऊन निजवायचं. उद्यमनगरातल्या तानाजी वेल्डरनं डबा झकास बांधला. माप घ्यायला जीप तिथं उभी होती, तेव्हा मोकळा वेळ कशाला घालवायचा म्हणून सिस्टरांनी मागच्या दारावरची स्टेपनी काढून पंक्चरला धाडली. तानाजीनं बोडक्या दाराचं माप घेतलं आणि डबा जीपला जोडायचा दांडा तेवढाच ठेवला.

कळंबा तलावाजवळच्या मोकळ्या जागेत आम्ही पहिल्यांदा गाडी वळवली आणि मागं 'कडाड' झालं. दारावर परत बसवलेल्या स्टेपनीनं डब्याचा पुढचा कोपरा चेपला होता. खुर्ची काढायला गेलो, तर जीपचं दार जरासं उघडून डबा टेकवून ठेवायच्या जॅकच्या दांडीला अडलं. सर पुढं बसलेले, पाठ दुखायला लागलेली आणि त्यांची खुर्ची आत अडकलेली! आम्ही धडपडून डबा सोडवेपर्यंत ते घामानं भिजले. "राहू दे आता," ते हळूच म्हणाले. "घरी चला."

दुसरं कुणी असतं तर खापर फोडायला डोकं शोधलं असतं. सिस्टर म्हणाल्या, "स्टेपनी मीच धाडलती. लई शानी झालतो मी." तानाजी दांडा हातभर लांबवतो म्हणाला. पण मागचा डबा जितका लांब जाईल तितका घाटाच्या वळणात तो आतल्या कडेला ओढला जाणार, हे मला माहीत होतं. सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी परातभर कणीक मळून आणली. दोन बोटं जाडीचे गोळे करून डब्याच्या कोपऱ्यांना, स्टेपनीला, जॅकला थापले आणि मला म्हणाल्या, "आता वळवा. पार दोन्हीकडं." जिथं कणीक चेपली, तिथं खडूची खूण. त्या खुणांवरून तानाजीनं डब्याचे कोपरे तिरके कापले, जॅकची दांडी काढता येईल अशी केली आणि स्टेपनी जीपच्या टपावर चढवली. दार पुरतं उघडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"जमलं न्हाय," झाडाखालच्या खुर्चीतून सर म्हणाले. "तुमी सगळी सपाटीवर बघताय. खळग्यात जीप चढाला लागंल, तवा डबा अजून उताराला असंल. दोघांची डोकी जवळ येतील. पेन्सिल हाय का कुणाकडं?" तानाजीनं कानामागची पेन्सिल दिली. सरांनी पुठ्ठ्यावर जीप काढली, डबा काढला, मधला खळगा काढला. टपावरची स्टेपनी डब्याच्या कपाळाला टेकलेली स्पष्ट दिसत होती. आम्ही दोघं पुठ्ठा बघत होतो. सिस्टर मात्र पेन्सिल धरलेल्या हाताकडं बघत होत्या आणि त्यांना पदर डोळ्यांना लावायचंही भान नव्हतं. तलावाकडच्या खळग्यात गाडी घालून पाहिली, तर टपावरच्या स्टेपनीला थापलेल्या कणकेची खरंच चपाती झाली होती. स्टेपनी पुढं सरकवली.

राधानगरीवरून फोंडा घाट उतरताना प्रत्येक वळणाला सिस्टर खिडकीबाहेर डोकं काढून मागं बघत आणि डबा न घासता वळला की "गेलं!" म्हणून ओरडत. सर दर वेळी हसत. समुद्रावर मागचं दार उघडलं, खुर्ची उतरली, सर डब्यात आडवे झाले आणि उघड्या दारातून संध्याकाळपर्यंत पाणी बघत राहिले. मला म्हणाले, "निळा न्हाय हो हा. मी पोरांना उगंच निळा शिकवला."

पुढच्या हिवाळ्यात सिस्टर माझ्याकडूनच गाडी शिकल्या. शिकताना मी ओरडायचो आणि त्या माझ्यावर त्याहून मोठ्यानं ओरडायच्या. एका सकाळी किल्लीसाठी हात पुढं करून म्हणाल्या, "भाऊ, तुमी आता उतरा." जय भीम घालून दोघं निघाले, ते महिना महिना परत येत नाहीत. कॉलनी फार शांत झाली आहे. बेल्ट कितीही आवळला तरी कुणी विचारत नाही, आणि खरं सांगतो, मला करमत नाही.

परवा त्यांचा फोन आला. "भाऊ, हितनं पुढं गेलं की कुठलं गाव लागतं वो?"

"मला काय माहीत? मी तिकडं कधी गेलोच नाही."

"बरं. आमी जाऊन सांगतो की." त्या आणखी काही बोलणार, एवढ्यात मागून सरांचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"अगं, आवर की! ऊन चढायच्या आत निघायचं हाय."