न उचललेला हात

ऑरिन वेदरबी आमच्याच खोऱ्यातला. बापाची चुनाभट्टी होती. भट्टीच्या उजेडात कायद्याची पुस्तकं वाचून पोरगा वकील झाला. कुंपणांचे तंटे, चोरलेल्या मेंढ्या, विधवांचे वाटे, सगळं तो लढला. फी म्हणून कुणी मेपलची साखर दिली तरी टोपी काढून घ्यायचा. दिलेला शब्द त्याने कधी फिरवला नाही. म्हणून तर आम्ही त्याला विधिमंडळावर पाठवलं.

आमचं मागणं एकच होतं. वस्तीच्या डोक्यावर गिरणीवाल्यांचं मातीचं धरण होतं आणि त्याच्या पोटातून पाणी पाझरत होतं. मालकांना ते दगडाने बांधायला लावणारा कायदा हवा होता. तो ऑरिननेच मांडला.

माझी थोरली बहीण केझिया धरणाच्या अगदी खाली राहायची. तो राजधानीला निघाला तेव्हा तिने मक्याची भाकरी बांधून दिली.

"ऑरिन, भाषणं कमी ठोक. हात तेवढा वर कर."

"दोन्ही हात वर करतो गं. एक माझा, एक तुझा."

विधिमंडळात जोडीची रीत आहे. विरुद्ध मतांचे दोघे आपसात शब्द देतात: एकाला घरी जाणं भाग पडलं, तर दुसराही मत देणार नाही. मतदानाच्या आठवडाभर आधी पलीकडच्या बाजूच्या लेमन पॉट्सची बायको वारली. तो ऑरिनकडे आला आणि ऑरिनने त्याच्या हातात हात दिला. तेव्हा त्या दोघांना सोडूनही आमच्याकडे दोन मतं जास्त होती. पण मतदानाच्या दिवशी आमच्यातला एक जण फुटला. मतं समसमान झाली, कायदा पडला. ऑरिन आपल्या खुर्चीत बसून होता, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून.

एप्रिलमध्ये डोंगरावरचा बर्फ वितळला आणि धरण फुटलं. सतरा माणसं गेली. केझियाच्या दोन्ही मुली गिरणीच्या जाळीला अडकलेल्या सापडल्या. मीच त्यांना सोडवून आणलं.

तिसऱ्या दिवशी ऑरिन तिच्या समोर येऊन उभा राहिला. ती चिखलाने भरलेली दुलई धूत होती. तिने मान वर केली नाही.

"तू तिथंच होतास ना?"

"होतो."

"मग?"

"लेमनला शब्द दिला होता, केझिया. त्याची बायको..."

"त्याची बायको मेलीच होती, ऑरिन. माझ्या पोरी जिवंत होत्या."

त्याच उन्हाळ्यात त्याच्या पक्षाच्या सरकारने त्याला दक्षिणेतल्या एका लहानशा देशात राजदूत नेमलं. शब्दाचा पक्का माणूस, असं नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं म्हणे. "गप्प बसायचं बक्षीस," गिरणीच्या पायऱ्यांवर लोक बोलले. मला तसं वाटत नव्हतं, पण मीही तोंड उघडलं नाही. तिकडे सहा वर्षं त्याने तह लिहिले, तुरुंगात सडणारे आपले खलाशी सोडवले. पिवळ्या तापातून उठून परत आला तेव्हा पाठीत वाकला होता.

मार्चमधल्या गावसभेला तो मागच्या बाकावर बसला. वाहून गेलेला पूल त्याच जागी बांधायचा का, एवढाच प्रश्न होता. हात वर झाले, मोजले गेले. मग मेंढ्यांच्या कोंडवाड्याचा विषय निघाला, तरी ऑरिनचा हात वरच.

"खाली घे की आता," शेजारचा कुजबुजला. "मोजला तुझा."

ऑरिन हलला नाही. बाही घसरून कोपरापर्यंत आली होती. भिंतीपाशी केझिया सभेच्या जेवणाच्या घेवड्याचं भांडं घेऊन उभी होती. तिने त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग पहिल्या बाकापासून वाढायला सुरुवात केली.