उपडी बादली

पोहरा वर आला की नाना आधी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे. गालांत इकडून तिकडे फिरवायचे, लांब पिचकारी मारायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि पसंत पडलं तरच पोहरा दगडी डोणीत रिकामा करायचे. मग दोन बैल आणि तांबू नावाची गाय डोणीत तोंड घालायची. त्यांचं पोटभर होईपर्यंत विहिरीवर कळशी घेऊन कुणीही आलेलं असो, त्यानं उभं राहायचं.

"आदी मुक्यांचं," नाना म्हणायचे. "बोलक्यांना मागता येतं."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला भयंकर राग आला होता. लढाईची वर्षं होती. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि पोशीरजवळच्या एका लहानशा गावात आमचे हे शाळामास्तर होते. अख्खं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागले. गावाच्या टोकाला नानांचं एकटं घर होतं. त्याची अर्धी बाजू आम्हाला राहायला दिलेली. मी पुण्यात नळाच्या पाण्यावर वाढलेली. इथे पहाटे उठून विहिरीवर यावं तर माझ्यापुढे रांगेत बैल! आणि तो ढवळा बैल तर मला पाहून मुद्दाम सावकाश प्यायचा, अशी माझी आजही खात्री आहे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. माणसांशी दोन शब्द, जनावरांशी दिवसभर गप्पा. मास्तर चौकशी करायला गेले तर नाना "हूं" म्हणत. पण बैलाच्या मानेला जू लागून साल गेलं की करंजाचं तेल चोळता चोळता त्याच्याशी तासभर बोलणं चाले. "सोस रं बाबा, जरा सोस. झालं, झालं." तांबूच्या कानामागच्या गोचिड्या काढायला बसले की आलेल्या पाहुण्याने खुशाल अंगणात उभं राहावं. आजूबाजूच्या चार गावांत कुणाचं जनावर अडलं, लंगडलं, चारा सोडून बसलं की बोलावणं नानांना यायचं. हातातली भाकरी ठेवून ते उठायचे.

एकदा मला ताप आला. नाना दाराशी आले, लांबूनच माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मास्तरांना म्हणाले, "नाक कोरडं पडलंय मास्तरीनबायचं. उद्या वलं व्हईल, काळजी नको." मास्तर कितीतरी दिवस हा किस्सा सांगून हसत. पण ताप दुसऱ्या दिवशी उतरला, हेही खरं.

हळूहळू राग गेला. मी तांदळाच्या धुवणाचं, भाज्यांच्या देठांचं आंबोण करून तांबूला ठेवू लागले. तांबू नानांच्या जिवाचा तुकडा होती. त्यांच्या कारभारणीबरोबर कशेळ्याहून, तिच्या माहेरची एक गाय आली होती. कारभारीण गेली, मग ती गायही गेली, आणि मागे राहिली तिची ही वासरी. नाना हे कधी बोलून दाखवत नसत. फक्त तांबूला हाक मारताना त्यांचा आवाज थोडा उतरायचा.

दुसऱ्या वर्षीचा वैशाख कडक होता. विहिरीत रात्रभरात दहाएक पोहरे पाणी झिरपायचं. ते सकाळीच संपायचं. मग ओढ्याच्या कोरड्या वाळूत खड्डा खणून, करवंटीने पाणी वेचून कळशी भरावी लागे. त्या दिवशी मास्तर कर्जतला गेले होते. मी सकाळीच कळशी घेऊन ओढ्यावर गेले, ते दुपार कलताना परतले. डोक्यावर कळशी होती. घरात तेवढंच पाणी.

अंगणात कुणी नव्हतं. तांबू खुंट्याला अगदी आखूड बांधलेली होती. जीभ बाहेर, तोंडाला फेस, आणि मला पाहताच तिने हंबरडा फोडला. डोण कोरडी ठणठणीत. डोणीवर बादली उपडी घातलेली.

नाना विसरले, असं मला वाटलं. जो माणूस कधी विसरत नाही तो आज विसरला. आणि खरं सांगते, मला थोडा अभिमानही वाटला. आता नाना येतील आणि पाहतील की पुण्याच्या पोरीनेही त्यांचं शिकून घेतलंय. मी बादली सुलटी केली. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन त्यांच्यासारखं गालांत फिरवलं, थुंकले आणि अख्खी कळशी तिच्यापुढे डोणीत ओतली. रात्रीच्या स्वयंपाकाला थेंब ठेवला नाही. तिने एका दमात संपवलं.

मला ठाऊक नसलेली गोष्ट अशी. नानांच्या पुतणीच्या लग्नासाठी कांडलेले तांदूळ टोपल्यांत भरून पडवीत ठेवले होते. मी ओढ्यावर असताना तांबूने दावं सोडवून त्यातलं जवळजवळ एक टोपलं फस्त केलं होतं. पोटात कोरडे तांदूळ गेलेल्या जनावराला पाणी दाखवायचं नसतं. तांदूळ फुगतात आणि जनावर हाती लागत नाही. म्हणून नानांनी तिला आखूड बांधलं, बादली उपडी घातली आणि औषधासाठी पोशीरची वाट धरली. उपडी बादली म्हणजे आज या जनावराला पाणी नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाना परत आले तेव्हा तांबूची डावी कूस टम्म फुगली होती. त्यांनी सुलटी बादली पाहिली, ओली डोण पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"पानी...?"

"मी दिलं, नाना. तुम्ही म्हणता ना, आधी मुक्यांचं."

 त्यांनी तांबूच्या तोंडात आडवी काठी बांधली, तेल आणि ओवा पाजला, कूस चोळली, तिला चालवून पाहिलं. ती चार पावलं चालली आणि बसली. दिवेलागणीच्या आत ती गेली. नाना तिच्या मानेखाली हात घालून बसून राहिले होते.

माणसं जमली. गाय मेली होती आणि कुणाच्या तरी हातून मेली होती. त्या गावात त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तांदळावर पानी कुनी पाजलं रं?"



"म्याच," नाना म्हणाले. "म्हातारपन. इसरलो."

मास्तर परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. तेही घाबरले. "आपण परके आहोत इथे," म्हणाले, "आता बोलू नकोस." मी बोलले नाही.

तिथली रीत अशी होती, की ज्याच्या हातून गाय गेली त्याने तिचं दावं गळ्यात घालून पाच दिवस पाच गावं फिरायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. दारोदार जाऊन गाईसारखं हंबरायचं आणि कुणी मूठभर धान्य घालील ते घ्यायचं. वैशाखाच्या उन्हात नाना पाच दिवस अनवाणी फिरले. ज्या गावांनी त्यांना औषधपाण्याला बोलावलं होतं, त्याच गावांतून.

पाचव्या दिवशी आमचं गाव होतं आणि शेवटचं दार आमचं. मी आत होते. बाहेरून हंबरणं ऐकू आलं. मी मूठभर तांदूळ घेऊन उंबऱ्यापर्यंत आले आणि माझा हात पुढे होईना. तांदूळ तसेच मडक्यात टाकले. तांब्याभर पाणी घेतलं, आधी स्वतः चाखलं आणि त्यांच्या ओंजळीत ओतलं. ते घटाघटा प्यायले. त्यांच्या मागे माणसं उभी होती. मी बोलायला तोंड उघडलं. नानांनी मान हलवली, नको म्हणून. गळ्यातलं दावं हललं.

त्यांचं मौन सुटल्यावर मी विहिरीवर त्यांना गाठलं. "नाना, मी सांगते सगळ्यांना."

"कशापायी?" ते म्हणाले. "म्या शिकवलं तेच तू केलंस पोरी. म्या आर्दंच शिकवलं, ती चूक माजी." मला ते पहिल्यांदाच पोरी म्हणाले होते. "आनि तुला हितं नांदायचं हाय."

पण त्यानंतर कुणाचं जनावर अडलं तरी नानांना बोलावणं येईना. तांदळावर पाणी पाजणाऱ्या म्हाताऱ्याच्या हाती आपली गाय कोण देणार? गावात कुणाच्या गोठ्यात वासरू आजारी आहे हे कानावर आलं की नाना अंगणात येरझाऱ्या घालत, दोनदा वाटेपर्यंत जात आणि परत येत. मी ते रोज पाहत होते. रोज सकाळी ठरवायची की आज विहिरीवर बायकांपुढे सांगून टाकायचं. रोज कळशी भरायची आणि तशीच घरी यायची. मला माझी लाज वाटायची आणि अजूनही वाटते.

पुढच्या वर्षी मास्तरांची बदली झाली. नानांनीच गाडी जुंपली, नेरळ स्टेशनवर सोडायला. सामान चढलं. निघण्याआधी त्यांनी विहिरीतून पोहरा काढला, ओंजळ तोंडात घेतली, थुंकले. जुंपलेल्या बैलांनी माना लांबवल्या. नाना त्यांच्यासमोरून पोहरा घेऊन गाडीच्या मागे आले आणि माझ्यापुढे धरला.

"नाना, आधी बैलांना..."

"आदी मुक्यांचं," ते म्हणाले.

मी प्याले. 

दोनच वर्षांत ते गेल्याचं कार्ड आलं. त्यांची सय काढणारी माणसंही आता राहिली नसतील. आणि कुणी असलीच, तर त्यांना एवढंच आठवत असेल, की एक म्हातारा होता, गुरांचा मोठा जाणकार म्हणवायचा आणि स्वतःच्याच गाईला तांदळावर पाणी पाजून बसला. म्हणून हे लिहिलं. नाना विसरले नव्हते. त्यांनी बादली उपडी घातली होती. ती मी सुलटी केली.